ऐंशीला एक कमी

रविवार, ता. १४

चि. पोपटास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा नीट लिहिलाय, काळजी नको. आत मात्र तू पोपटच. कचेरीत कुणी चुकून फोडलं तर हसतील, हसू देत. चौथ्या वर्षी सगळे पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला आणखी काय म्हणायचं होतं आम्ही?

तब्येत कशी आहे? बंधाऱ्यावर वारा फार, कानाला काहीतरी बांधत जा. गेल्या खेपेला दिलेला स्वेटर कोपरावर विरला असेल तर टाकू नकोस, मी रफू करून देईन. जेवण वेळेवर घेतोस ना? तुला काळजी लागली की भूक लागते आणि मला लागली की जाते. एकाच घरातली माणसं, पण देवानं दोन प्रकारांनी घडवली.

मी घरी नाही. शुक्रवारीच निघाले. तुझ्या बाबांना सांगितलं, देवाला जाऊन येते. ते म्हणाले, "घरातला देव काय वाईट आहे? त्याला गाडीभाडं पडत नाही." मी म्हटलं, "घरातला माझं ऐकून ऐकून कंटाळलाय." ते हसले, आणि त्या हसण्याच्या आडून मी बाहेर पडले. चोवीस वर्षांत त्यांच्याशी अशी थाप मारली नव्हती. वाटेत सारखं देवाचं नाव घेतलं, म्हणजे निदान निम्मं तरी खरं व्हावं.

गाव तुझ्याच नदीवरचं आहे. तुझ्या बंधाऱ्यापाशी दिसलेलं पाणी दोन तासांनी जिथं पोचतं, ते. तिथंच कशाला, असं विचारशील. सांगते.

गाव म्हणजे नदीला धरून गेलेला एकच रस्ता. एका टोकाला नावांचा धक्का, दुसऱ्या टोकाला गाड्यांचा थांबा, मधे दुकानं. आणि प्रत्येक भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक तपकिरी रेघ. रेघेच्या वर भिंत पिवळी, खाली चिखलाच्या रंगाची. शिंप्याच्या दुकानात ती रेघ मशीनच्याही वर आहे. न्हाव्याच्या आरशावर अजून डाग आहे, माणूस दाढीला बसला की रेघ बरोबर त्याच्या गळ्याशी येते. न्हावी म्हणतो, पुसायची नाही, गिऱ्हाईक हलत नाही मग.

मी खानावळीच्या वरच्या खोलीत उतरले आहे. खोली स्वच्छ, गादी दमट, खिडकी नदीवर. खिडकी मी बंदच ठेवते. खानावळवाली माझ्याच वयाची आहे, हात कमरेवर आणि जीभ त्याच्याही वर. पहिल्या दिवशीच म्हणाली, "बाई, एकट्यानं येणारे प्रवासी दोन प्रकारचे. देवासाठी आलेले आणि घरातून पळालेले. तुम्ही कुठल्या?"

"देवासाठी," मी म्हटलं.

आज सकाळी किल्ली देताना म्हणाली, "तीन दिवस झाले, देव वाट बघून दमला असेल हो."

मी कडी दोनदा लावते, मग तिसऱ्यांदा पाहते. रस्त्यात कुणी जरा निरखून बघितलं की रुमाल तोंडाशी नेते. तुझी हनुवटी माझ्यावर गेली आहे. इथं तुला कुणी पाहिलेलं नाही, हे ठाऊक असूनही नेते.

गेल्या रविवारी तुझा फोन आला होता, त्याबद्दल लिहायचं आहे. पण ते आज लिहवत नाही, पुढच्या पत्रात लिहीन. फोन मुद्दाम करत नाही. तुझा आवाज ऐकला की मला सगळं बरोबरच वाटायला लागतं.

पोटभर जेव. आकडे सुटे सुटे सांगत जा.

तुझी,
आई

मंगळवार, ता. १६

चि. पोपटास आशीर्वाद.

हे पत्र गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, संध्याकाळी तुझ्या हाती पडेल. रविवारचं आधी वाचलं नसशील तर ते आधी वाच. क्रम चुकला की मी काय म्हणते ते कळायचं नाही.

त्या दुपारी काय झालं ते पुन्हा लिहिते. तू म्हणशील, आई, हे मला माहीत आहे. तुला ते कागदावरून माहीत आहे.

तुझ्या बंधाऱ्यावर शंभर खुणांची पट्टी आहे. तू तिच्यावरचं पाणी वाचायचं, वहीत लिहायचं, आणि इथल्या नोंदवाल्याला फोनवर सांगायचं. पंचाहत्तरच्या आत असलं तर इथं कुणी हलत नाही. पंचाहत्तर ओलांडलं की नावा वर ओढायच्या आणि खालची गल्ली रिकामी करायची. त्या दुपारी तुझ्या वहीत ७९. इथल्या वहीत ६९. म्हणून इथं कुणी हललं नाही. दोन तासांनी पाणी आलं. माणूस गेलं नाही, देवाची कृपा. पण नाव वाचवायला गेलेल्या नावाड्याचा पाय धक्क्याच्या दगडाखाली चेपला, आणि खालच्या गल्लीत चुलीवरच्या भांड्यांपासून शिंप्याकडच्या कापडांपर्यंत सगळं गेलं.

आणि इथल्या नोंदवाल्याला घरी बसवलं. गुरुवारी चौकशी आहे.

गावात त्यांना पट्टीमास्तर म्हणतात. तू फोनवर "तो बहिरा म्हातारा" म्हणाला होतास. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे आहेत. निवृत्तीला सहा महिने उरलेत.

काल त्यांच्या घरी गेले होते. कशी गेले ते सांगते. खानावळवाली डबा भरत होती, मी सहज विचारलं, कुणाचा? तर आवाज खाली आणून म्हणाली, "पट्टीमास्तरांचा. त्यांना दुकानात कुणी उभं करत नाही, मग बाईमाणसानं काय शिजवावं? मी दिला तर माझी गिऱ्हाइकं बोलतील. तुम्ही परक्या, तुम्हाला कोण बोलणार? देवाला नाही गेलात तर निदान एवढं तरी करा."

डबा हातात घेतला आणि वाटलं, परत द्यावा. दिला नाही.

वाटेत धक्क्यावर पालथ्या नावेवर नावाडी बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. डबा कुठं चाललाय ते त्यानं ओळखलं. म्हणाला, "न्या, न्या. बहिऱ्याला पाणी मोजायला बसवलं, आता लंगड्याला नाव वल्हवायला बसवा. मग आंधळ्याला चौकशीला बोलवा, म्हणजे गाव पुरं झालं." आजूबाजूचे हसले. तो हसला नाही. प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवत राहिला.

इथंही नदीत एक पट्टी आहे, तिच्या पायऱ्यांशेजारीच मास्तरांचं घर. दार उघडंच होतं, आणि आत एक प्रकार चालला होता. मास्तर बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. त्यांची बायको आतल्या खोलीतून वर्तमानपत्रातले शब्द हळू आवाजात वाचत होती, आणि हे एकेक शब्द परत म्हणत होते. "लिलाव." "लिलाव." "उपोषण." "उपोषण." एकही चुकला नाही.

मला पाहून बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "बसा. कानाची तालीम चाललीय. पस्तीस वर्षं मी हाक मारली की बहिरे होतात, म्हणून काय खरंच बहिरे आहेत हे?"

मास्तर म्हणाले, "तिचा आवाज ओळखीचा आहे हो, ताई. ओळखीच्या आवाजाचं काही खरं नाही. माणूस न ऐकताच समजतो." मग मी न विचारताच सांगायला लागले. रोज, येईल त्याला सांगत असणार. "पोरगा म्हणाला, एकोणसत्तर. मी विचारलं, एकोणसत्तर? म्हणाला, हो हो, एकोणसत्तर. मग मी सहा-नऊ लिहिलं. नियम असा की आकडे सुटे म्हणवून घ्यायचे. त्या दिवशी फोनमध्ये खरखर, खाली लोकांचा ओरडा. मी सुटे विचारले नाहीत. एवढा दोष माझा. पण ताई, शब्द मी ऐकला होता. आता मात्र झोपेतून उठल्यासारखं वाटतं. ऐकला होता, की ऐकलासा वाटला?"

बाईंनी तुझ्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. म्हणाल्या, "तो मुलगा तरी खोटं कशाला बोलेल? वही त्याची स्वच्छ आहे म्हणतात." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला मुलं किती?"

"एक," मी म्हटलं. पुढं विचारलं नाही त्यांनी.

मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाचता का? यांना परका आवाज हवाय. आणि शब्द नको, आकडे वाचा."

मी नाही कसं म्हणणार? आतल्या खोलीत गेले. त्यांनी एक जुनी वही हातात दिली, मास्तरांच्या अक्षरातली, पाण्याच्या नोंदींची. मी वाचायला लागले. बेचाळीस. छप्पन्न. एकसष्ट. बाहेरून प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत येत होता. आवाज मुद्दाम बारीक केला. तरी येत होता. पान उलटलं, आणि वरच एका जुन्या पुराची नोंद होती. मी जवळजवळ ओठांतच म्हटलं, "एकोणऐंशी."

बाहेरून ताडकन आलं, "एकोणऐंशी! सात-नऊ! नावा वर ओढा!"

मास्तर खुर्चीतून उठून उभेच राहिले होते, हे मी दारातून पाहिलं. बाईंनी डबा रिकामा केला, धुऊन पुसून माझ्या हातात दिला. "पुन्हा या," म्हणाल्या.

पोपट, मी खानावळीपर्यंत कशी आले मला आठवत नाही. डब्याचं झाकण वाटेत दोनदा पडलं.

आता थांबते. जे लिहायचं ते अजून लिहिलंच नाही, पण कंडक्टर खाली हाका मारतोय.

तुझी,
आई

बुधवार, ता. १७, सकाळी

पोपट,

मंगळवारचं पत्र वाचून तू म्हणाला असशील, "मग झालं तर! मीही तेच सांगतोय. मी एकोणसत्तरच सांगितलं. तोच सहा-नऊ लिहून बसला."

म्हणाला असशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण त्या रविवारी फोनवर तू मला हेच वाक्य सांगितलंस. "आई, तू काळजी करू नकोस. मी दोनदा स्पष्ट सांगितलं, एकोणसत्तर म्हणून. माझ्या वहीत सात-नऊ आहे, बघायचं त्यानं बघावं." मी म्हटलं, "बरं." आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच चमचे मोजत बसले.

एकोणसत्तर म्हणजे सहा-नऊ. सात-नऊ म्हणजे एकोणऐंशी. तू लिहिलंस बरोबर आणि बोललास चूक. मास्तरांनी ऐकलं बरोबर, म्हणून लिहिलं चूक. चौकशीचे सगळे कागद आकड्यांत आहेत. हा शब्द कुणी कागदावर लिहिलाच नाही, म्हणून कुणाला दिसला नाही.

तू खोटं बोललेला नाहीस, हे मी देवासमोर सांगेन. तुला ते माहीतच नाही. मला माहीत आहे. मला तू सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

आठवतं का? विजेच्या मीटरचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला स्टुलावर चढून तू वाचायचास आणि मी वहीत लिहायची. एकोण आलं की तू अडखळायचास. पाढे पाठ होते रे, पण ते पोपटासारखे. समोर नुसता आकडा दिसला की पहिला अंक बघून बोलायचास. मी समजावलं होतं, एकोण म्हणजे एकानं कमी. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. ऐंशीच्या दारात उभा आहे, पण आत गेलेला नाही. तर तू म्हणालास, "पण आई, राहतो तर तो सातच्याच घरात ना? मग त्याला सत्तरचं नाव का नाही?" मला इतकं हसू आलं. शेजारणींना सांगितलं. आल्यागेल्याला सांगितलं. कौतुक केलं, आणि सुधारायचं राहिलं.

पुढं तू शांतपणे विचार करून नीट म्हणायला शिकलास. पण घाई असली, कुणी ओरडलं, भीती वाटली, की जीभ जुन्या घरी जायची. तू स्टुलावरून "एकोणसत्तर" म्हणायचास आणि मी न बोलता सात-नऊ लिहायची. माझी वही कधी चुकली नाही. त्याचा मला अभिमान होता. मास्तर म्हणाले ना, ओळखीचा आवाज माणूस न ऐकताच समजतो. ते माझ्याबद्दलच बोलत होते, त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

आणखी एक आहे. हे तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. चौथीत तोंडी परीक्षा होती. मी आदल्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, मुलगा फार लाजाळू आहे, त्याची लेखीच घ्या. तू लाजाळू? सगळ्या गल्लीत तुझी बडबड ऐकू यायची. बाईंनी मानलं, कारण मी मॅट्रिक झालेली, नेमानं देवाला जाणारी, मी कशाला खोटं बोलेन? लेखीत तुला पैकीच्या पैकी मिळाले. नोकरीची परीक्षाही लेखीच होती. मी देवापुढं दिवा लावला, आणि मनात म्हटलं, सुटलो. कुणापासून सुटलो, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता कालचं सांगते, आणि मग संपलं.

काल पुन्हा डबा घेऊन गेले. सांगायचं ठरवून गेले होते. मास्तर टेबलाशी कागद लिहीत होते. म्हणाले, "ताई, बरं झालं आलात, वाचून बघा, शुद्धलेखन चुकलंय का." कागदावर होतं की मला अलीकडं कमी ऐकू येतं, ते मी कचेरीपासून लपवलं, चूक सर्वस्वी माझी आहे. कारकुनानं सुचवलंय म्हणे. असं लिहून दिलं की पूर्ण पेन्शन नाही, पण निम्मी तरी सुटेल, आणि प्रकरण मिटेल.

मी म्हटलं, "पण तुम्हाला तर ऐकू येतं."

"येतं," ते म्हणाले. "मला कळलं काल, तुम्ही वाचलंत तेव्हा. पण त्या पोराची वही स्वच्छ आहे, आणि माझ्याकडे काय आहे? कान! कान का टेबलावर काढून ठेवता येतो? शिवाय त्याचं सगळं आयुष्य पुढं आहे. मी काय, आजपासून बहिरा. बायकोला तसंही पटलेलंच आहे."

बाई आतून बाहेर आल्या नाहीत. कागद लिहायला घेतल्यापासून बोलतच नाहीत म्हणे.

पोपट, त्या क्षणाला माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते लपवून तुला काही सांगण्याचा मला हक्क नाही. मला बरं वाटलं. नऊ दिवस छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचलावं तसं बरं वाटलं. तू सुटलास, तुझी नोकरी राहिली, गल्लीत आमची मान राहिली, आणि मला काही करावंही लागलं नाही. मी तो कागद वाचला. एके ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी चुकली होती, ती दाखवली. त्यांनी दुरुस्त केली. आणि मी निघून आले.

खानावळवालीनं जिन्यात अडवलं. "काय हो, तुमचा चेहरा असा का? देव भेटला की काय?"

मी खोलीत जाऊन खिडकी उघडली. पहिल्यांदाच. नदी इतकी शांत होती की कुणावर विश्वास बसू नये. धक्क्यावर नावाडी त्याच पालथ्या नावेवर बसला होता. मास्तर पायऱ्यांवर आले, तसं त्यानं तोंड फिरवलं. मास्तर पट्टीपाशी वाकले, पाणी पाहिलं, ओठ हलवले. त्यांना आता कुणी विचारत नाही, तरी ते रोज वाचतात. वाचून घरात गेले.

माझ्याच्यानं जेवण गेलं नाही. सवय आहे, घाबरू नकोस.

मला पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. तुझी नोकरी जाईल, याची. तुझे बाबा माझ्याशी बोलणार नाहीत, याची. तू बोलणार नाहीस, याची तर सगळ्यात जास्त. पण कालच्या त्या बरं वाटण्याची मला जी भीती वाटली, तिच्यापुढं ह्या सगळ्या लहान आहेत. इतकी वर्षं तुझं चुकलेलं मी गुपचूप बरोबर करून लिहिलं. आता एका परक्या माणसाचं बरोबर असलेलं, माझ्याच हातानं वेलांटी सुधारून, चूक करून आले.

हेही कंडक्टरकडेच देते, आजच पोचेल. उद्या अकराला चौकशी. तुझ्याकडून पहिली गाडी सातला सुटते, साडेनऊला इथं येते. कचेरी थांब्यासमोरच आहे. बाहेर एक लांब बाक आहे, मी तिथं बसेन. तू आलास तर तू पुढं हो, मी मागून येईन. नाही आलास तर मी एकटी आत जाईन आणि मीटरपासून चौथीच्या परीक्षेपर्यंत सगळं सांगेन. ही धमकी समजू नकोस. आईला धमकी जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

बाबांना मी सांगेन. ते तू माझ्यावर सोड.

आता एकच काम कर. दार लावून घे. खाली लिहिलेला आकडा मोठ्यानं वाच. विचार न करता, घाईनं, कुणी खालून ओरडतंय असं समजून वाच. खोलीत दुसरं कुणी नाही, आणि ह्या खेपेला मी काही दुरुस्त करणार नाही.

७९

काय ऐकू आलं?

जे आलं असेल, तेच घेऊन ये.

बाकावर वाट पाहणारी,
आई